वारसांच्या रकान्यातलं तिसरं नाव

मी दूध संकलन केंद्रावर फॅट तपासणारा माणूस. मशीन दाखवेल तेवढंच खरं... भूतबाधा, अंगात येणं, असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते. पण खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट यात दुसरीच आहे.

आम्ही अंथुर्ण्याचे. माझ्या वडिलांना, आबांना, पहिल्या बायकोपासून एक मुलगी – शकुंतला. तिची आई वारल्यावर ती वडगाव निंबाळकरला आजोळी वाढली. माझ्या आईने तिला कधी उंबरा चढू दिला नाही. तिच्या लग्नाला आबा एकटेच गेले आणि परत आल्यावर त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ती भिगवणला दिली, एवढंच मला ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. वारस नोंदीचं प्रतिज्ञापत्र करायला मी भर दुपारी इंदापूरला, तहसीलबाहेर टायपिंग करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. आई आणि मी, दोनच नावं सांगितली. 'यांच्याशिवाय मयतास अन्य वारस नाहीत' हे वाक्य त्या आपसूकच घालतात. प्रिंट हातात आली... नावं तीन. तिसरं – रंजना, मयताची मुलगी, राहणार भिगवण.

मी विचारलं, ही कोण?

"आता मलाच विचारताय व्हय? तुमीच सांगितलं की. म्हणालात, माहेरचं नाव नको बाय, सासरचं घाल. शोधायला अडचण नको."

मी कुणाला 'बाय' म्हणत नाही. आमच्या घरात आबाच म्हणायचे. आणि रंजना हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.

मग मी काय केलं? ते नाव काढायला लावलं. दोन नावांच्या कागदावर सही केली. कुणी आक्षेप घेतला नाही, नोंद मंजूर झाली.

डोक्यातून मात्र ते नाव जाईना. गेल्या वर्षी शेवटी भिगवणला गेलो. मासळी बाजाराजवळ शकुंतला कुणालाच माहीत नव्हती. रंजना म्हटल्यावर पहिल्याच बाईने घर दाखवलं.

ती खाटेवर होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. नाव लग्नात बदललं, म्हणाली. मी कोण ते सांगितलं, काय केलं तेही सांगितलं.

"जमीन नगं मला, भाऊ. हितं सगळी मला बिनबापाची म्हणत्यात. आबांची लेक म्हणून एकदा कागदावर नाव बघू दे."

तेव्हापासून बारामतीला प्रांत ऑफिसात खेटे घालतोय. अपील मीच केलंय. क्लार्क हसला, "लोक भावाविरुद्ध येतात, तुम्ही स्वतःच्याच सहीविरुद्ध?" खोट्या प्रतिज्ञापत्राची केस होईल म्हणे... होऊ दे. आईने बोलणं टाकलंय, तेही चालेल. पण तारीख पुढेच जाते, आणि इकडे डॉक्टर नजर चुकवायला लागलेत. दर तारखेला ती फोनवर एवढंच विचारते – लागलं का नाव? मागच्या वेळी तिला बोलताच येईना. तिच्या मुलीने फोन कानाशी धरला होता, मला नुसता श्वास ऐकू येत होता.

त्या दुपारी माझ्या तोंडून कोण बोललं, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं... तेव्हाच तीन नावांवर सही केली असती, तर ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन तो कागद बघू शकली असती.