कडेची रेषा

जुन्या कॅमेऱ्याची कॅसेट नव्या टीव्हीवर दिसावी म्हणून मी घरीच एक छोटं सर्किट जोडलं. पडद्यावर बाबा आले. त्यांच्या साठीला आई त्यांना ओवाळत होती. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. चित्र थरथरत होतं, म्हणून मी सर्किटवरचा बारीक स्क्रू फिरवत चित्राच्या कडेकडे बघत राहिलो. कड सरळ झाली, तेवढ्यात बाबा काहीतरी बोलून हसले. काय बोलले, लक्षातच आलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना थोडं सांडतंच, तसंच हे. काय सांडलं, हे बघायचाही कंटाळा आला.

आई स्वयंपाकघरातच थांबली होती. तिथूनच तिने विचारलं, "दिसले का रे?"

"हो," मी म्हणालो, "कड अगदी सरळ आली."