आजीचं उरलेलं बोलणं

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते सांगतो. एका म्हातारीचं अर्धं बोलणं मी गिळून टाकलं.

सुरतेला लागून असलेल्या एका छोट्या नगरपालिकेत मी पाणी खात्यात कारकून आहे. मागे परराज्यातल्या एका पालिकेचे अधिकारी आमचं कामकाज पाहायला आले. सरकारी तपासणी नव्हती ती. आपल्यासारखंच काम करणाऱ्यांनी बाहेरून पाहून कुठे काय चुकतं ते लिहायचं, असा प्रकार. खानदेशी वस्तीत दुभाष्या म्हणून मला धाडलं. निघताना साहेब म्हणाले, "जोजो हं, आबरूनो सवाल छे." सांभाळून, अब्रूचा प्रश्न आहे.

पहिल्याच दारात एक आजी बसलेली. गावाकडून नुकतीच लेका-सुनेकडे आलेली, अहिराणीशिवाय काही न येणारी. पाहुण्यांतल्या एका अधिकारी बाईंनी इंग्रजीत विचारलं, मी अहिराणीत: "माय, नळले रोज पानी येस का?"

"येस," आजी म्हणाली.

आमच्या बोलीत 'येस' म्हणजे 'येतं'. बाईंना ते इंग्रजी वाटलं. "ओ, शी स्पीक्स इंग्लिश!" सगळे हसले. फॉर्मवर बरोबरची खूण झाली.

आजीचं चालूच होतं. "पन सगया कामवर जातस तवय येस. पानी भराले मन्ही सूननी काम सोडी दिधं. टाइम बदला म्हना. तू आपलाच शे ना भाऊ, सांग त्यास्ले."

"व्हॉट इज शी सेइंग?"

"शी इज सेइंग थँक यू," मी सांगितलं.

खोटं बोल असं साहेबांनी म्हटलं नव्हतं. त्या हसण्यात मला बरं वाटत होतं, एवढंच. इतक्या वर्षांत माझी बोली पहिल्यांदा ऑफिसच्या कामी आली होती, आणि तिचं मी हे केलं.

काही महिन्यांनी वस्तीतल्या बाया वेळ बदलण्याचा अर्ज घेऊन आल्या. साहेबांनी अहवाल पुढे केला. बाहेरच्यांनीच लिहिलंय, तक्रार नाही, म्हणाले. जाताना त्या आजीची सून माझ्या टेबलापाशी थांबली.

"दादा, सासूनी तुमलेच सांगेल व्हतं ना?"

मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो.

साड्यांना घड्या घालायचं तिचं काम सुटलं ते सुटलंच. पाणी अजून सगळे कामावर जातात त्याच वेळेला येतं. त्या पाहुण्या बाईंना माझ्या सहीचं पत्र जायला हवं, त्यात आजीचं सगळं बोलणं हवं, आणि एक प्रत साहेबांच्या टेबलावर. ते पत्र मी अजून लिहिलेलं नाही. तेवढं मी त्या सासू-सुनेला देणं लागतो.