काळ्या पायांचा माणूस

जहाजावर स्वयंपाकी असलं की सगळ्यांच्या भानगडी आपल्या ओट्यावर येऊन पडतात. आमच्या गेल्या जहाजावर चिलीचा एक म्हातारा खलाशी होता. माझं इंग्रजी मोडकं, त्याचं त्याहून मोडकं, तरी मला स्पॅनिश शिकवायचं त्याने मनावर घेतलं होतं. मीठ आणि कांदा झाल्यावर तो थेट चोरट्या प्रेमावर आला. आपण 'लफडं' म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे शब्दांचं अख्खं कपाट. ज्याची बायको फसवते त्याला म्हणे शिंगं फुटतात. संसारी माणसाचा एखाददुसरा चुकार उद्योग म्हणजे पांढरा केस वाऱ्यावर सोडणं. कोलंबियात लपवून ठेवलेला यार म्हणजे 'तिनिएब्लो', अंधारातला. आणि त्याच्या चिलीत, नवरा बाहेर असताना घरात शिरतो तो 'पातास नेग्रास', काळ्या पायांचा.

"तुझ्या घरी येतो का रे काळ्या पायांचा?" तो रोज जेवणाच्या रांगेत विचारायचा. सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि मग माझी डाळ करपायची.

श्रीवर्धनला घरी बायको एकटीच. एकदा व्हिडिओ कॉलवर मागून पुरुषाचा आवाज आला. "सुपारी काढायला माणूस आलाय," ती म्हणाली. खरंच होतं ते, हंगामच होता. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की हंगाम-बिंगाम बघत नाही. मी शेजारच्या चुलत वहिनींना फोन लावला. म्हटलं, रोज संध्याकाळी एक चक्कर मारा, कोण येतं-जातं बघा, तिला मात्र काही बोलू नका.

वहिनी म्हणाल्या, "बरं भावजी. जाईन मी."

आठवड्याने मीच विचारलं. "कोन येत न्हाय वो तिच्याकडं. मीच येते," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आठ महिन्यांनी घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी वहिनी आल्या. बायकोने न विचारता तिघांचा चहा टाकला. वहिनींसाठी तिने वेगळी मोठी कपबशी आणून ठेवली होती.

"तुम्ही मनातलं कधी बोलून दाखवत नाही," बायको मला म्हणाली, "पण वहिनींना माझ्या सोबतीला तुम्हीच पाठवलंत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं हो. या खेपेला घर खायला उठलं नाही."

वहिनी बशीत चहा ओतत राहिल्या, मान वर केली नाही. मला भयंकर लाज वाटली. खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या कौतुकाने तिने माझ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि मला ते कौतुक सोडवेना.

पुढच्या आठवड्यात न्हावा शेव्याहून जहाज आहे. काल माझी बॅग भरताना बायको म्हणाली, "वहिनींना आठवणीने सांगून ठेवा हां. तुमच्या शब्दाखातर येतात त्या."