बोटीतून आलेलं क्रियापद

रत्नागिरीहून जयगडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक निवृत्त खलाशी बसले होते. वळणांवर आम्ही सगळे दांडे धरत होतो; ते मात्र पाय फाकवून, हात मांडीवर ठेवून निवांत. उद्याच्या तासासाठी मी शब्दकोशात 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ वाचत होते. मिळणं, पोचणं, समजणं, आणणं... पान उलटलं तरी संपेनात. मी वैतागले, "एका शब्दाने किती कामं करायची!"

"मूळचा कुठला तो?" त्यांनी विचारलं.

"उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचा. त्यांच्या बोटीतून इंग्लंडात आला."

ते गालातल्या गालात हसले. "मग बरोबर आहे वो, बाई. नवा आला की जो तो त्यालाच कामं सांगतो. मी डेक पुसायला चढलो, तो स्वयंपाकी होऊन उतरलो!"