तलावाच्या हद्दीची रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मी सरकारी खात्यात नकाशे काढायचो. चिक्कडपल्लीतल्या घरून रोज स्कूटरवर ऑफिसला जायचो. तेव्हा शहराबाहेरच्या तलावांसाठी नियम नव्याने होत होते — भरल्या पाण्याची हद्द आखायची, तिच्या आत बांधकाम बंद. चांगला नियम होता. आम्हीच तो वर्षानुवर्षं मागत होतो. मग माझ्याच हातून त्याची माती का व्हावी?

एका तलावाची पाहणी माझ्याकडे आली. काठावर पालेभाजी लावणाऱ्या यादम्माने मला चिखलातून नेऊन हद्दीचा जुना दगड दाखवला. पाणी इथवर येतं, म्हणाली. मी मोजमाप वहीत लिहिलं. आणि मग दिसलं — दगडाच्या आत, पाण्याच्या बाजूला, माझ्या बहिणीचा प्लॉट होता. सुधाने अंबरपेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत अर्धं आयुष्य काढून घेतलेला.

तिला सांगायला हवं होतं. निदान साहेबांना सांगून ही पाहणी सोडायला हवी होती. मी वहीचं पान फाडलं. अहवालात लिहिलं, ‘दगड आढळला नाही’, आणि कोरड्या वर्षीची पाण्याची रेघ धरली, म्हणजे प्लॉट हद्दीबाहेर. कुणीतरी विचारील असं वाटत होतं. कुणीच विचारलं नाही — याचाही मला राग येतो. पण कुणाचा?

नियम मंजूर झाला, माझ्या रेघेसकट. सुधाचं घर झालं, शेजारी आणखी कितीतरी झाली. सगळ्यांनी भराव घातला. यादम्माचं घर तेवढं खाली राहिलं. पुढच्या मोठ्या पावसात पाणी तिच्याकडे शिरलं, भिंत खचली.

ती ऑफिसात आली. साहेबांसमोर माझ्याकडे बोट करून तिच्या तोडक्या हिंदीत म्हणाली, “इस सार को मालूम है. मैं पत्थर दिखाई थी.”

खरी गोष्ट ही आहे. रेघ नाही — ही. मी म्हणालो, बाईंची काहीतरी गल्लत होतेय, मी यांना कधी पाहिलेलं नाही.

तिने दाराशी काढलेल्या चपला घातल्या आणि ती गेली.

मागच्या वर्षी ते नियम पुन्हा सुधारायला घेतले. जुना माणूस म्हणून मला बोलावलं, हद्दींबद्दल काही हरकत आहे का, विचारलं. तेव्हा तर मी निवृत्त होतो. कसली भीती होती?

‘हरकत नाही’ असं लिहून मी सही केली.