वेल्सच्या गोलकीपरचा इन्सिडेंट रिपोर्ट

टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या आम्ही मराठी बायका भेटलो की ऑफिसचे किस्से निघतातच. बाकीच्या जणी नवऱ्यांकडून ऐकलेले सांगतात, माझे मात्र डोळ्यांदेखतचे. आमचे हे इथल्या ज्या आयटी प्रोजेक्टवर होते, तिथेच मी आरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम, फायलिंग करायचे. त्यामुळे डेव्हिड-सान (सान म्हणजे आपलं 'राव') यांचे किस्से माझ्याकडेच साठलेत.

*

डेव्हिड-सान वेल्सचे, साठीला टेकलेले. सकाळच्या मीटिंगमध्ये रोज एकाने एक मिनिट बोलायचं असे. त्यांचा विषय एकच: आजोबा. फार पूर्वी वेल्सकडून फुटबॉल खेळलेले. एकच मॅच, गोलकीपर, आठ गोल खाल्ले.

"नेहमीच्या गोलकीपरची ट्रेन चुकली. आजोबा नुसते मॅच बघायला आले होते."

आमचे सेक्शनचे साहेब मोरी-सान वहीत लिहून घेत म्हणाले, "पुढची ट्रेन किती मिनिटांनी होती?"

*

देशाकडून खेळलं की टोपी मिळायची. ती कुठे आहे, मी विचारलं.

"आजी किटलीवर घालायची. म्हणायची, गोल नाही अडवलेस, गार वारा तरी अडव."

आम्ही हसलो. ते म्हणाले, "वडील शहाऐंशीचे आहेत. गावात त्यांना अजून 'आठवाल्याचा मुलगा' म्हणतात."

*

बिघाड झाला की त्याची नोंद आणि कारणांचा रिपोर्ट ज्या सिस्टीममध्ये करतात, ती नव्या लोकांना शिकवायला ह्यांनी एक नोंद टाकली: 'वेल्स. आठ गोल. अतिगंभीर.' आणि काढायला विसरले. मोरी-साननी ती पाहिली.

"सरावापुरती होती ती," हे म्हणाले.

"गोल खोटे आहेत?"

"नाही."

"मग कारण शोधायला हवं."

*

तीन दिवस मीटिंग चालली. गोल का झाले? गोलकीपर नवखा. नवखा का? खरा आला नाही. मग बदली माणूस का नव्हता? कोणी ठरवलाच नव्हता. निष्कर्ष: दोष व्यवस्थेचा, आजोबांचा नाही. रिपोर्टखाली तीन साहेबांचे शिक्के. डेव्हिड-सान बराच वेळ चष्मा पुसत बसले.

*

नोंद बंद करायला संबंधिताची सही लागते.

"ते वारलेत," डेव्हिड-सान म्हणाले.

"वारसाची चालेल."

रिपोर्ट इंग्रजीत करून वेल्सला वडिलांकडे गेला. महिन्याने परत आला. वडिलांची सही, शेजारी चार ओळी. डेव्हिड-साननी त्या सकाळच्या मीटिंगमध्ये वाचल्या: "दोष नाही, हे मान्य. पण गोल सात. एक ऑफसाइड होता, धरायलाच नको होता. बाबा शेवटपर्यंत सांगत होते, कोणी लिहून घेतलं नाही."

मोरी-सान उठले. वेल्स कुठल्या दिशेला, ते डेव्हिड-सानना विचारलं, तिकडच्या खिडकीकडे वळले आणि कंबरेत वाकले. मागोमाग आम्ही सगळे.

मग सरळ होऊन ते ह्यांना म्हणाले, "रिपोर्ट पुन्हा ओपन करा."