एका परातीतलं जेवण
दुधात भाकरी कुस्करली की त्या वासासरशी मला शेल्टरमधून आणलेली तांबडी कुत्री आठवते. बुलढाण्याहून आमच्या धाड गावापर्यंत जीपमध्ये ती माझ्या पायांवर अंग टाकून थरथरत होती. निघताना शेल्टरमधल्या काकांनी दोनदा बजावलं होतं, "ताई, घरी जुना कुत्रा हाय ना, मंग पंधरा दिवस दोघायले येगळं जेवू घाला. ही लय उपाशी राह्यलेली हाय." दारात सासूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "नवी सून आली का आपण तिले घरच्यायसंग एका ताटात जेवू घालतो, मंग हिलेच काऊन येगळं?" काकांचं बोलणं मी विसरले नव्हते, पण दोघं एकत्र जेवतानाचा फोटो मलाही हवा होता. मीच दोघांच्या मधोमध दूध-भाकरीची परात ठेवली आणि मोबाईल धरला. आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याने तोंड घालायचा अवकाश, तिने त्याचा कान फाडला. परातीतलं दूध लाल झालं. दुसऱ्याच दिवशी मी तिला परत नेलं. काकांनी विचारलं, "जेवण येगळं ठेवलं होतं ना?" मी म्हणाले, "हो." त्यांनी तिच्या कार्डावर 'चावते' असं लिहिलं, तेव्हा ती माझा हात चाटत होती. आमच्या कुत्र्याचा कान पंधरा दिवसांत भरून आला. बुलढाण्याची जीप रोज आमच्या दारावरून जाते, आणि तो शब्द खोडायला मी आजवर गेलेले नाही.